कॉफी मागायची तालीम

रविवार, माघ महिना, साल दोन हजार चोवीस. दुपारची जेवणं आटोपल्यावर. जागा : मोहाडी, आमचं स्वयंपाकघर.

हजर : मी. माझी थोरली नणंद, म्हणजे ताई, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. शेजारीण, न बोलावता आलेली. माझा नवरा, काउंटरवर. गैरहजर : भाची, म्हणजे नणंदेची मुलगी. तिच्याकडे कोरियात तेव्हा संध्याकाळ होती आणि ती नवऱ्यासोबत भाजी आणायला गेली होती.

माझी नोकरी आवक-जावक टेबलावरची. कोण आलं, कोण आलं नाही, हे आधी लिहिल्याशिवाय मला काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. घरचे हसतात, पण लग्नाकार्यात चपला हरवल्या की माझ्याकडेच येतात.

आता मूळ विषय. भाचीला दिवस गेले होते. बाळंतपण वैशाखात. तिकडे घरी ती आणि जावई, तिसरं कोणी नाही. तिला आई हवी होती, आणि व्हिसा देतो तेवढे पूर्ण तीन महिने हवी होती. ताई म्हणत होत्या, दहा दिवस. त्याहून एक दिवस जास्त नाही.

हे ऐकून कोणीही चकित होईल, कारण ताईंचं सारं आयुष्य बाळंतपणांत गेलं. त्या सरकारी नर्स होत्या. करडीपासून आंधळगावपर्यंत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, निवृत्त झाल्या तरी. पण ताईंची अडचण बाळंतपणाची नव्हती. अडचण होती फ्लॅटची. दोन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, महिनाभर राहायच्या तयारीनं, आणि आठवड्यात पिशवी घेऊन परत आल्या. अकरावा मजला. दिवसभर दार बंद, समोरच्याचंही बंद. खाली उतरलं तर बसायला ओटा नाही, बोलायला माणूस नाही. "जेलात निदान दुसरे कैदी असतेत," असं त्यांनी बसमधून उतरताच सांगितलं होतं.

कोरियातला फ्लॅट तर चौदाव्या मजल्यावर होता.

मग भाचीनं फोनवर एक गोष्ट सांगितली. इमारतीच्या खालीच एक कॅफे आहे. बायका एकेकट्या येतात, काचेजवळ बसतात, तास-दोन तास रस्ता बघतात, कोणी उठवत नाही. एकच अट. काहीतरी मागवावं लागतं, आणि माणशी एक.

"माणशी एक?" शेजारीण म्हणाली. "दोन कपांचे तीन नाही करत?"

"नाही करत."

"मोठेच श्रीमंत दिसतेत बाप्पा."

मी मात्र त्यात उपाय पाहिला. ताईंना एकटीनं खाली जाऊन कॉफी मागवता आली तर चौदावा मजला त्यांच्या अंगावर येणार नाही. मागवता आली तर तीन महिने. नाही तर दहा दिवस, आणि तिकडे ओली बाळंतीण एकटी. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहू. आधी मले बोलता येते का ते पाहू. मंग तिकीट काढा."

एवढं मला पुरे होतं. भाचीकडून आवाजी निरोप मागवले, एकेक वाक्य चार चार वेळा ऐकलं आणि यंदाच्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करनं देवनागरीत लिहून फ्रिजवर लावलं. फार नव्हतं. आन्न्योंग हासेयो, म्हणजे नमस्कार. तात्तुतान, गरम. रात्ते, दुधाची कॉफी. हान जान, एक कप. सोल्तांग, साखर. मुल, पाणी. योगिसो माशिल्केयो, इथेच बसून पिईन. आणि ज्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट, तो शब्द शेवटी : जुसेयो. द्या.

ताईंना पाठांतराचं भय नव्हतंच. आयुष्यभर इंग्रजी औषधांची नावं पाठ केलेली बाई. तीन दिवसांत फ्रिजकडे न बघता त्या सगळं म्हणू लागल्या. "तात्तुतान रात्ते हान जान जुसेयो," हे त्या कणीक मळताना म्हणत, लाखोरीची भाजी खुडताना म्हणत. लवून नमस्कार करायचा असतो हे शेजारणीनं सांगितलं तर म्हणाल्या, "लवाले तू नको शिकवू. विहारात रोजच लवतो मी."

शेजारणीबद्दल सांगायला हवं. ती मोबाइलवर हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघते, त्यामुळे त्या देशाची आपल्याला आतून माहिती आहे असं तिचं मत. तिला कोरियन शब्दही येतात, पण सगळे रडारडीचे. पहिल्याच दिवशी तिनं ताईंना 'खाजीमा' शिकवायला घेतलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे, मले सोडून जाऊ नको."

"हे कॉफीवाल्याला कशाला सांगायचं?"

"अवो मॅडम, तो कॉफी देऊन निघून गेला अन् साखर राहिली, तर?"

मी 'खाजीमा' फ्रिजवर लावलं नाही. तिनं स्वतः पेन्सिलनं लिहून घेतलं.

तर रविवार. पाठांतर झालं होतं, आता तालीम. ओट्यासमोर स्टूल आडवं ठेवून काउंटर केला. नवऱ्यानं माझा फुलाफुलांचा एप्रन बांधला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि दुधानं तोंड पोळल्यासारखा चेहरा करून उभा राहिला. कॉफीवाले असेच दिसतात, असं त्याचं म्हणणं. त्याला एकच वाक्य दिलं होतं, 'म्वो दुरिल्कायो?' म्हणजे काय देऊ. ते त्यानं तळहातावर लिहून ठेवलं होतं.

ताई अंगणातून आत आल्या. पदर नीट केला, लवल्या. "आन्न्योंग हासेयो."

"आन्न्योंग हासेयो," नवरा म्हणाला, आणि तळहाताकडे बघून, "म्वो दुरिल्कायो?"

ताई म्हणाल्या, "नको नको, आत्ताच घेऊन आली."

शेजारीण जमिनीवरच बसली हसून हसून.

"ताई," मी म्हटलं, "तो विचारतोय काय देऊ. तुम्ही कॉफी मागायची."

"हो, हो. तोंडातून निघून गेलं."

दुसरी फेरी. लवणं, नमस्कार, म्वो दुरिल्कायो. ताईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही कायले त्रास घेता."

तिसऱ्या फेरीत त्यांनी निदान 'तात्तुतान' म्हटलं, पण लगेच जोडलं, "असंल तर."

नवऱ्यानं एप्रन सोडला. "ताई, मी दुकानदार हाओ. त्रास घ्याचे पैसे घेतो मी."

मला तेव्हा कळलं की आपण तयारी चुकीच्या गोष्टीची केली. शब्द त्यांना येत होते. मागणं येत नव्हतं. आणि विचार केला तर येणार कुठून? गावोगाव फिरलेली नर्स. प्रत्येक घरी चहा पुढे येणार हे ठरलेलं, आणि तो दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घ्यायचा हेही ठरलेलं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस आमच्याकडे भुकेला समजला जातो. ताईंनी आजवर हजारो कप चहा प्यायला असेल, पण 'मला चहा द्या' असं कोणाला म्हटलं नव्हतं. हॉटेलात तर त्या कधी एकट्या बसल्याच नव्हत्या.

भाचीला मी फोनवर हे सांगितलं. ती घाबरलीच. "मामी, तिथं नको म्हटलं तर खरंच देत नाहीत. पुन्हा विचारतही नाहीत. आई दार उघडून आत जाईल अन् नको म्हणून परत वर येईल!"

तेव्हा कोरियन बाजूला ठेवलं. आधी मराठीत मागता यायला हवं. मी ठरवलं, बाजाराच्या दिवशी बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात ताईंनी एकटं जायचं, एक चहा मागायचा, बसून प्यायचा आणि यायचं. मी आणि शेजारीण समोर कांद्याच्या ढिगाआड उभ्या राहणार.

ताई गेल्या. पायरीवर पाय ठेवला न ठेवला, तोच आतून आवाज आला, "जयभीम सिस्टर! या जी, या!" एकानं बाक रिकामा केला, दुसऱ्यानं तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. त्यांनी तोंड उघडायच्या आत चहा समोर, सोबत भजी. दोनदा नको म्हणून झालं. मग हॉटेलवाल्यानं घरातून बायकोला बोलावलं, बायकोनं सुनेला, आणि सुनेला पाचवा महिना होता. ताईंनी तिथेच तिचे पाय दाबून सूज पाहिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि भज्यांची पुडी घेऊन बाहेर आल्या.

"झालं," मला म्हणाल्या. "पेली ना एक कप?"

"मागितला का?"

"मागू देते का कोनी?"

खरंच होतं. मोहाडीत ही परीक्षा घेताच येत नव्हती. जिथं ताईंना कोणी ओळखत नाही अशी जागा हवी होती. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथं कॉलेजच्या रस्त्याला एक नवा कॅफे झाला आहे, काचेचा, आतून थंड, बाहेर पाटीवर फक्त इंग्रजी. नवऱ्यानं गाडी काढली. शेजारीण पुढच्या सीटवर आधीच बसलेली होती.

नियम मी वाटेत सांगितले. आत फक्त ताई. आम्ही रस्त्यापलीकडच्या रसवंतीत. खुणा करायच्या नाहीत. शेजारणीनं नियमांत एक भर घातली : ताईंचा फोन माझ्या फोनला लावून चालूच ठेवायचा आणि पिशवीत टाकायचा, म्हणजे आत काय होतं ते आपल्याला ऐकू येईल. हे नियमांत बसत नाही असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

उसाच्या रसाचे ग्लास समोर, फोन मध्ये, तीन डोकी फोनवर. दार उघडल्याचा आवाज आला, मग गाणं, मग एका मुलाचा आवाज, "वेलकम आंटी, क्या लेंगे?"

आणि ताई, गोड आवाजात, "काही नको बेटा. आत्ताच रस पिऊन आली."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. रस तर त्यांनी प्यायलाही नव्हता.

ताई रस्ता ओलांडून परत आल्या आणि बाकावर बसल्या. या वेळी कोणी हसलं नाही, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. "नाही जमत मले," म्हणाल्या. "तोंड उघडते अन् नकोच येते. पोरीले सांगून द्या, दहा दिवस."

नवरा म्हणाला, "ताई, एक सांग. बाळंतपणाच्या खोलीत तू गरम पानी मागत होती तवा कशी मागत होती? असंल तर द्या, कायले त्रास घेता, असं?"

"तवा?" ताई ताठ झाल्या. "तवा माहा आवाज ऐकून घरातली म्हातारी मानसं धावत होती. तिथं लाजून चालते का?"

"मंग?"

"ते काम होतं बाबू. हे तर माह्यासाठी मागनं झालं."

"कामच समजा ना सिस्टर," शेजारीण म्हणाली. "समजा कॉफीले कळा येऊन राहिल्या."

ताईंनी तिच्याकडे एक नजर टाकली, जी तालुक्यातल्या पुष्कळ सासवांनी पाहिली असेल. उठल्या. पदर कमरेला खोचला आणि रस्ता ओलांडून गेल्या, डावी-उजवीकडे न बघता. एक मोटारसायकल थांबली त्यांच्यासाठी.

दार. गाणं. मुलाला 'वेलकम' म्हणायला वेळच मिळाला नाही.

"ए बाबू, इकडे. एक कॉफी. गरम. दुधाची. कपात दे, कागदाच्या गिलासात नको. साखर वेगळी. अन् पानी आन. हात धुतले का?"

"जी... जी मॅडम."

"मंग चाल, लवकर!"

गाणं कोणीतरी बारीक केलं. काचेतून दिसत होतं, कोपऱ्यातल्या दोन पोरींनी समोरच्या खुर्चीवर ठेवलेले पाय खाली घेतले. मुलगा चाचरत म्हणाला, "मॅडम, आपका नाम? ऑर्डर पे लिखना पडता है."

"नाव कायले पाहिजे? केसपेपर काढून राहिला का?"

नवऱ्याच्या नाकातून उसाचा रस आला. शेजारणीनं त्याची पाठ थोपटली, पण कान फोनवरून हलवला नाही.

कॉफी आली. ताईंनी काचेजवळची जागा घेतली. साखर घातली, ढवळली, बशी नव्हती म्हणून बशी मागितली, तीही मिळाली. मग त्या रस्त्याकडे बघत बसल्या. आमच्याकडे नाही, रस्त्याकडे. आम्ही हात हलवला तरी बघेनात. आमचा दुसरा ग्लास झाला. ऊन बाकावर आलं. मी फोन कानाला लावून हळूच म्हटलं, "ताई, झालं असेल तर या. पास झालात."

पिशवीत खुडबुड झाली आणि आवाज आला, "वहिनी, ठेव आता फोन. बसू दे मले."

आणि त्यांनी कट केला.

त्या बाहेर आल्या तेव्हा आम्ही तिघं सावली शोधत रसवंतीच्या मागच्या बाजूला उभे होतो. कॉफी कडू होती, एवढंच त्या बोलल्या. गाडीत बसल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पन खुर्ची चांगली होती."

त्याच संध्याकाळी भाचीला व्हिडिओ कॉल लावला. नवरा एप्रन बांधून तयार. म्वो दुरिल्कायो विचारलं मात्र, ताईंनी ओट्यावर हात आपटला. "तात्तुतान रात्ते, हान जान, जुसेयो! सोल्तांग, जुसेयो! मुल, जुसेयो! योगिसो माशिल्केयो!"

पलीकडून भाची म्हणाली, "आई, शब्द एकदम बरोबर आहेत. पण तो पोट्टा मशीन सोडून पळेल."

"काहून? तो लवकर देईल."

"थोडं हळू म्हण ना. हसून."

ताईंनी हसून म्हणून पाहिलं. हसल्या की लगेच मागे 'असंल तर' यायला लागलं. दोन्ही एका वेळी जमेना. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की ओरडून मागितलेलं बरं. जावयांनी ते रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते खाली कॅफेत गेले, गंमत म्हणून काउंटरवरच्या मुलाला ऐकवलं. त्या मुलानं ऐकलं आणि काही न विचारता एक गरम कॉफी, साखरेची पुडी आणि पाण्याचा ग्लास समोर ठेवला. मग जावयांना विचारलं की या बाई कोण, आणि कधी येणार आहेत. भाचीनं हे सांगितलं त्या रात्री जेवताना ताईंनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. माझ्याकडे, सरळ, पहिल्याच वेळी.

त्यानंतर कामं भराभर उरकली. पासपोर्ट होताच. स्वेटर आणले. बाळंतिणीचं सामान ताईंनी स्वतः बांधलं, डिंक, आळीव, सुंठ, सगळ्या पुड्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या, म्हणजे विमानतळावर कोणी विचारलं तर सांगता येईल. शेजारणीनं जाड कागदाचा पंखा दिला, त्यावर मागच्या बाजूला पेन्सिलनं काहीतरी लिहिलं होतं. मी वाचायचं टाळलं. जाण्याचं तिकीट निघालं, चैत्र संपता संपताचं.

आता व्हिसाच्या अर्जात परतीची तारीख लिहायची आहे. जावई रोज विचारतात. मी रोज ताईंना विचारते.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, पोरीची तब्येत पाहून सांगीन. दुसऱ्यांदा म्हणाल्या, बाळाचं नाव ठेवल्यावर सांगीन. मी म्हटलं, ताई, अर्जात असं लिहिता येत नाही, तारीख लागते. तुम्हीच तर दहा दिवस म्हणत होतात.

"म्हटलं असंल," त्या म्हणाल्या. "तवा मले असली खुर्ची कुठं माहीत होती?"

काल मी फ्रिजवरचं कॅलेंडर, पेन आणि अर्ज तिन्ही घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी चष्मा पुसला, कॅलेंडर उलटं करून पाठीवरची कोरियन वाक्यं एकदा वाचून काढली आणि कॅलेंडर मला परत दिलं.

अर्ज परवा धाडायचा आहे. बाकी सगळे रकाने भरले. परतीची तारीख : बाकी.